निवृत्त पोलीस श्वानाचा खर्च भरतीच्या दिवशीच मांडा

पोलीस दलात पिल्लू दाखल होते त्या दिवशीच त्याच्या आयुष्याचा ढोबळ आराखडा मांडता येतो. लॅब्रेडॉर असो, डॉबरमन असो की जर्मन शेफर्ड, पहिले वर्ष वाढीत आणि प्रशिक्षणात जाते. पुढे साधारण आठ ते दहा वर्षांचा होईपर्यंत नोकरी, आणि प्रकृतीने साथ दिली तर त्यानंतर दोन ते चार वर्षांचे म्हातारपण. ही शेवटची वर्षे अचानक येत नाहीत. तरीही पिल्लाची किंमत, प्रशिक्षण, आहार, हस्तकाचा (म्हणजे श्वान हाताळणाऱ्या पोलिसाचा) पगार, केनल म्हणजे श्वानांची राहण्याची जागा, यांचा खर्च सरकारी हिशेबात बसतो आणि शेवटची वर्षे मात्र कोणाच्या तरी चांगुलपणावर सोडली जातात. दत्तक घेतलेल्या निवृत्त श्वानाचे खाणे आणि औषध ज्याने घरी नेले त्याच्या खिशातून होते, आणि बहुतेक वेळा तो हस्तकच असतो, म्हणजे एक पोलीस शिपाई किंवा हवालदार.

आमची मागणी सरळ आहे. हा खर्च श्वानाच्या नोकरीच्या खर्चाचाच भाग धरावा, गृह विभागाच्या अर्थसंकल्पात त्याला स्वतंत्र लेखाशीर्ष, म्हणजे हिशेबात वेगळे खाते, असावे आणि श्वान जिथे राहील तिथे तो पैसा त्याच्या मागे जावा, शेवटच्या दिवसापर्यंत.

ठाणे आणि नवी मुंबईत हा प्रश्न दूरचा नाही. ३१ मे २००८ रोजी वाशीच्या विष्णुदास भावे नाट्यगृहात बॉम्ब सापडला आणि तो निकामी करण्यात आला. चारच दिवसांनी, ४ जूनला, ठाण्यात गडकरी रंगायतनच्या वाहनतळात स्फोट होऊन सात जण जखमी झाले. तेव्हापासून मोठा कार्यक्रम, निवडणुकीची सभा, गणेशोत्सवातला गर्दीचा मंडप, स्टेशनवरची बेवारस बॅग किंवा धमकीचा फोन असला की पथकाबरोबर श्वान येतो, हे आपल्याला सवयीचे झाले आहे. ठाणे आयुक्तालयाच्या हद्दीत भिवंडीच्या गोदामांपासून उल्हासनगरच्या गल्ल्यांपर्यंत सगळे येते. नवी मुंबईच्या हद्दीत एपीएमसीचे बाजार आहेत, उरणकडचा बंदर परिसर आहे आणि आता विमानतळाभोवती वाढणारी वस्तीही आहे. या दोन शहरांइतका वापर श्वानांचा करून घेणारी शहरे राज्यात फार नसतील. म्हणून पहिली जबाबदारीही इथूनच सुरू व्हावी.

श्वानांचा गौरव करण्यात आपण मागे नाही. १९९३ च्या स्फोटांनंतर मुंबई पोलिसांच्या ‘जंजीर’ने ३,३२९ किलो आरडीएक्स, ६०० डिटोनेटर आणि २४९ हातबॉम्ब शोधून दिले. पुण्याच्या शिवाजीनगरला गुन्हे अन्वेषण विभागाच्या केंद्रात शिकलेल्या या लॅब्रेडॉरच्या कामाची हद्द मुंब्रा आणि ठाण्यापर्यंत होती. नोव्हेंबर २००० मध्ये हाडाच्या कर्करोगाने तो गेला तेव्हा त्याला इतमामाने निरोप देण्यात आला. तो जेमतेम आठ वर्षांचा होता, त्यामुळे निवृत्तीनंतरच्या खर्चाचा प्रश्न त्याच्या बाबतीत उद्भवलाच नाही. २६/११ च्या हल्ल्यात काम केलेले मॅक्स, सुलतान, टायगर आणि सीझर मात्र निवृत्त झाले. त्यांचा शेवटचा काळ विरारच्या एका प्राणिप्रेमी कुटुंबाच्या फार्मवर गेला आणि २०१६ या एकाच वर्षात चौघेही गेले. त्यांची देखभाल मनापासून झाली, त्याबद्दल त्या कुटुंबाचे ऋण मानायलाच हवे. पण त्या चौघांची नावे वर्तमानपत्रांत छापून आली होती. भिवंडीतल्या गोदामात घरफोडीचा माग काढणाऱ्या किंवा आठ वर्षे सभामंडप हुंगत फिरूनही एकही बॉम्ब न सापडलेल्या श्वानाचे नाव कोणाला माहीत असते? बॉम्ब सापडला नाही हाच त्याच्या कामाचा निकाल असतो, आणि त्या निकालाला देणगीदार मिळत नाही.

कायद्याच्या बाजूने फार वाद नाही. प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणाऱ्या १९६० च्या कायद्याचे कलम ३ सांगते की प्राणी ज्याच्या ताब्यात आहे त्याने त्याच्या सुस्थितीसाठी आवश्यक ती काळजी घ्यायची. कलम ११ नुसार पुरेसे अन्न, पाणी, निवारा न देणे हा गुन्हा आहे. राज्यघटनेच्या अनुच्छेद ५१-अ (ग) मध्ये प्राणिमात्रांविषयी भूतदया बाळगणे हे नागरिकाचे कर्तव्य सांगितले आहे. नागरिकाकडून जे अपेक्षित आहे ते श्वानाचा मालक असलेल्या सरकारकडून अपेक्षित नसावे, असे कोणी म्हणणार नाही. खरा प्रश्न पैशाचा आणि तो कसा पोचवायचा याचा आहे.

आधी म्हातारपण म्हणजे नेमके काय, ते पाहू. त्याशिवाय आकड्यांना अर्थ येत नाही.

लॅब्रेडॉर आणि जर्मन शेफर्डमध्ये खुब्याचा सांधा मुळात सैल असण्याचा दोष आढळतो. गाडीतून उड्या, जिने, अडथळ्यांचा सराव यांनी तो सांधा झिजतो आणि आठव्या-नवव्या वर्षी श्वान उठताना मागचा भाग ओढायला लागतो. त्याला वेदनाशामक रोज लागते. ते सुरू करण्यापूर्वी क्रिएटिनिन (मूत्रपिंडांसाठी) आणि यकृताच्या चाचण्या कराव्या लागतात, पुढे दर सहा महिन्यांनी पुन्हा. पैसे कमी पडले की इथे पहिली चूक होते. मेडिकलमधून माणसांची डायक्लोफिनॅक किंवा आयब्युप्रोफेनची गोळी आणून दिली जाते. दोन दिवस श्वान बरा चालतो, मग जठरात व्रण होतात, काळे शौच होते आणि मूत्रपिंडे निकामी होऊ लागतात. दहा रुपयांची गोळी वाचवायला गेलेल्या माणसाला पुढे आठवडाभर सलाईन लावावे लागते.

डॉबरमनचे दुखणे वेगळे. त्याच्या हृदयाचा स्नायू हळूहळू पसरत आणि अशक्त होत जातो आणि बराच काळ बाहेरून काही दिसत नाही. एखाद्या सकाळी फिरताना तो कोसळतो तेव्हाच कळते. सोनोग्राफी आणि चोवीस तासांचा ईसीजी करून हे आधी ओळखता येते. पिमोबेंडन हे औषध दिवसातून दोनदा, जेवणाच्या तासभर आधी, जन्मभर द्यावे लागते. चांगले दिवस त्याने वाढतात.

खोल छातीच्या जातींमध्ये जठराला पीळ पडण्याचा धोका वयाबरोबर वाढतो. पोट ढोलासारखे ताणते, श्वान ओकायचा प्रयत्न करतो पण बाहेर काही येत नाही, लाळ गळत राहते. त्याला शक्य तितक्या लवकर, तासा-दोन तासांत, शस्त्रक्रियेच्या टेबलावर न्यावे लागते. नसबंदी न केलेल्या मादीच्या गर्भाशयात पू होतो, तेही जिवावर बेतते. हे दोन्ही धोके निवृत्तीपूर्वी एकाच भुलेत कमी करता येतात. नसबंदी करायची आणि त्याच वेळी जठर पोटाच्या भिंतीला टाके घालून पक्के करायचे. श्वान पथकात असतानाच, त्याच्या पशुवैद्यकीय खर्चातून हे झाले तर निवृत्तीनंतरचा मोठा खर्च टळतो. नसबंदीचे आणखी एक कारण आहे. जातिवंत, नसबंदी न झालेला श्वान ‘दत्तक’ घेऊन पैदाशीला लावणारे लोक असतात.

ठाणे-नवी मुंबईच्या हवेचा भाग यात निराळा आहे. इथल्या दमट हवेत गोचिडी वर्षभर असतात, केनलच्या भिंतींच्या भेगांत अंडी घालतात, आणि गोचीडतापात प्लेटलेट घसरून नाकातून रक्त येते. त्यावर डॉक्सिसायक्लिनचा अठ्ठावीस दिवसांचा कोर्स पुरा करावा लागतो. आठ दिवसांत बरे वाटले म्हणून थांबवला की ताप परततो. पावसाळ्यात उंदरांच्या मुतातून लेप्टो पसरतो, त्याची लस दरवर्षी हवी. मे महिन्यात काळ्या अंगाचा, धापा टाकणारा म्हातारा श्वान पत्र्याखाली ठेवला तर दुपारच्या आत उष्माघात होऊ शकतो.

आता खर्च. हिशेबासाठी तीस किलोचा निवृत्त लॅब्रेडॉर धरू. काम थांबलेल्या श्वानाला दिवसाला बाराशे ते तेराशे किलोकॅलरी पुरतात, म्हणजे कोरडे खाद्य साडेतीनशे ग्रॅमच्या आसपास, महिन्याला दहा-अकरा किलो. कामावर असतानाचे माप तसेच चालू ठेवले तर तीन महिन्यांत वजन वाढते आणि खुबे आणखी बसतात, म्हणून माप दोन आठवड्यांत टप्प्याटप्प्याने उतरवायचे. मध्यम दर्जाचे खाद्य आणि अधूनमधून अंडी-दही धरून महिन्याला चार हजार, वर्षाला अठ्ठेचाळीस हजार. गोचिडीची महिन्याची गोळी वर्षाला बारा हजार. लसी आणि जंताचे औषध तीन हजार. दोन सहामाही तपासण्या, रक्त आणि एक्स-रेसह, दहा हजार. सांध्यांचे औषध महिन्याला दोन हजार म्हणजे चोवीस हजार. बेरीज सत्त्याण्णव हजार. दवाखाना आणि भाग बदलला की आकडा थोडा हलेल, पण एका श्वानामागे वर्षाला लाखभर हे माप विश्वासाने धरता येते. पीळ पडण्याची किंवा गर्भाशयाची तातडीची शस्त्रक्रिया यात नाही; खासगी दवाखान्यात तिला पन्नास हजार ते लाख रुपये लागू शकतात.

पोलीस शिपायाचे मूळ वेतन २१,७०० रुपयांपासून सुरू होते. आठ वर्षे ज्याच्या पट्ट्याला हात होता त्या श्वानासाठी हस्तकाने महिन्याला आठ हजार रुपये घरातून काढावेत, अशी आजची अपेक्षा आहे. कोणी तसे सांगितलेले नसते, पण श्वान घरी नेला की तेच होते. म्हणून ‘आधी पोलिसांच्या गळक्या क्वार्टर्स दुरुस्त करा, मग कुत्र्यांचे लाड करा’ हा आक्षेप आम्ही गंभीरपणे घेतो, आणि त्याचे उत्तर त्या आक्षेपातच आहे. हा पैसा आज शिपायाच्याच घरातून जातो. सरकारने तो उचलला तर पहिला दिलासा पोलीस कुटुंबाला मिळतो. त्याच कारणाने तो पोलीस कल्याण निधीतून देऊ नये. त्या निधीत पोलिसांची वर्गणी असते, म्हणजे एका खिशातून काढून दुसऱ्यात घालण्यासारखे होईल. एखाद्या आयुक्तालयाकडे एका वेळी दहा निवृत्त श्वान आहेत असे धरले, तातडीच्या शस्त्रक्रियांसाठी तीन लाखांची सामाईक रक्कम बाजूला ठेवली, तरी वर्षाचा आकडा तेरा लाखांच्या पुढे जात नाही. गस्तीच्या एका नव्या गाडीची किंमत साधारण एवढीच असते.

याहून महत्त्वाचा मुद्दा सुरक्षेचा आहे. निवृत्तीनंतरचा पैसा नसेल तर निवृत्तीच पुढे ढकलण्याकडे कल होतो. पथकात असेपर्यंत आहार मिळतो, डॉक्टर मिळतो. बाहेर पडला की काहीच नाही. अशा वेळी कोणता हस्तक आपल्या श्वानाचे नाक मंदावल्याची नोंद आपण होऊन करील? आणि वरिष्ठही ‘अजून वर्षभर चालेल’ म्हणतील. श्वान धापा टाकत असताना त्याची हुंगण्याची क्षमता घटते, म्हणून निरोगी श्वानालाही वीस-तीस मिनिटांच्या शोधानंतर विश्रांती द्यावी लागते. दुखऱ्या खुब्याचा श्वान पाचव्या मिनिटालाच धापतो. तो बॅगेजवळून शांतपणे पुढे गेला तर पथक तिला ‘साफ’ समजते. म्हाताऱ्या श्वानाला वेळेवर घरी पाठवता यावे एवढी सोय करणे हा स्टेशनवर उभ्या असलेल्या माणसाच्या सुरक्षेचाच खर्च आहे.

‘सीएसआरमधून करा’, म्हणजे कंपन्यांच्या सामाजिक जबाबदारीच्या निधीतून करा, असे सुचवले जाते. कंपनी कायद्याच्या सातव्या अनुसूचीत प्राणिकल्याण आहे, आणि ठाणे-बेलापूर पट्ट्यात कंपन्याही कमी नाहीत. केनलला पंखे, एक्स-रे यंत्र, रॅम्प लावलेली गाडी यांसाठी त्यांची मदत जरूर घ्यावी. पण रोजच्या गोळीसाठी दरवर्षी नव्याने मंजूर होणारा निधी चालत नाही. एखाद्या वर्षी कंपनीचे प्राधान्य बदलले की डॉबरमनचे हृदयाचे औषध बंद होईल.

दुसरी सूचना निवृत्त श्वानांसाठी ‘वृद्धाश्रम’ बांधण्याची असते. केरळ पोलिसांनी २०१९ मध्ये त्रिशूरच्या पोलीस अकादमीत ‘विश्रांती’ नावाने असे केंद्र सुरू केले. ते अकादमीच्या आवारात आहे, आणि शिकवणारी माणसे हाताशी असतात ही त्याची जमेची बाजू. महाराष्ट्रात तसे करायचे तर जागा पुण्याच्या प्रशिक्षण केंद्राजवळ असावी. ठाण्यात एक, नवी मुंबईत एक अशा इमारती उभ्या केल्या तर उद्घाटन होईल, फलक लागेल आणि दोन वर्षांत सफाई कामगाराच्या पगारावर गाडी अडेल. शिवाय श्वान ज्या माणसाबरोबर आठ वर्षे जगला त्याच्यापासून तोडून त्याला अनोळखी पिंजऱ्यात ठेवणे हेच मुळात चूक. सिमेंटच्या फरशीवर पडून कोपरांना गाठी होतात, शेजारच्या भुंकण्याने झोप होत नाही, आणि रोज काम करणारा प्राणी रिकामा बसला की जाळ्या चावून दात झिजवतो. आवारातली जागा लागेल ती दत्तक देता न येणाऱ्या मोजक्या श्वानांसाठी, मुख्यतः चावा घेण्याचे प्रशिक्षण मिळालेल्यांसाठी. बाकीच्यांना घर हवे.

परदेशातले दोन अनुभव इथे उपयोगी आहेत. अमेरिकेने २००० साली कायदा करून लष्करी श्वान दत्तक देण्याची वाट मोकळी केली, पण औषधाचा भार दत्तक घेणाऱ्यांवरच राहिला. इंग्लंडमध्ये नॉटिंगहॅमशायर पोलिसांनी २०१३ मध्ये निवृत्त श्वानाला तीन वर्षांत मिळून १,५०० पौंडांपर्यंत उपचारखर्च देण्याची योजना आणली. पाऊल चांगले, मुदत मात्र चुकीच्या टोकाला लावलेली. श्वान सर्वांत महाग पडतो तो शेवटच्या वर्षात, आणि तोवर तीन वर्षे संपलेली असू शकतात. आपल्या योजनेला वर्षांची मर्यादा नको; वार्षिक कमाल रक्कम असावी.

योजना कशी चालावी? निवृत्तीच्या सहा महिने आधी पूर्ण तपासणी व्हावी: खुबे आणि कोपरांचे एक्स-रे, रक्त, डोळे, दात, डॉबरमन असेल तर हृदय. त्याच काळात नसबंदी आणि ओळखीसाठी कातडीखाली मायक्रोचिप. पहिला हक्क मुख्य हस्तकाचा, मग दुय्यम हस्तकाचा, त्यानंतर दलातल्या इतरांचा, आणि शेवटी बाहेरच्या कुटुंबाचा. महिनाभर श्वान त्या घरी राहून पाहावा, मगच करारावर सही. आहाराचे चार हजार दरमहा बँक खात्यात जावेत. उपचाराचे पैसे मात्र कुटुंबाच्या हाती न देता ठरलेल्या दवाखान्याला थेट मिळावेत. आधी भरा आणि मग प्रतिपूर्ती मागा, ही पद्धत इथे हमखास फसते. बिल मंजूर व्हायला महिने लागतात आणि तोवर शिपाई पुढची तपासणी टाळतो. गैरवापर रोखायला फार यंत्रणा लागत नाही. सहामाही तपासणीला चिप स्कॅन होते आणि वजनाची नोंद होते. तपासणी चुकली की पुढचा हप्ता थांबतो. फार्महाऊसवर साखळीने बांधून ठेवलेला श्वान त्याच दिवशी उघडा पडतो.

दवाखान्यांची यादी करताना नकाशा समोर ठेवावा. मोठ्या शस्त्रक्रियेसाठी परळचे पशुवैद्यकीय रुग्णालय ठाण्याहून गाठायला संध्याकाळच्या वाहतुकीत दीड तास सहज जातो, कळंबोलीहून त्याहून जास्त. टाटा ट्रस्ट्सच्या लहान प्राण्यांच्या रुग्णालयासाठी आधी कळंबोलीच्याच जागेचा विचार झाला होता. २०२४ मध्ये ते सुरू झाले ते महालक्ष्मीला. पीळ पडलेल्या जठराला तेवढा वेळ नसतो. त्यामुळे ठाण्यात किमान एक आणि खारघर-पनवेल भागात एक, असे रात्री शस्त्रक्रिया करणारे खासगी दवाखाने करारात हवेतच.

घराचाही प्रश्न आहे. पोलीस वसाहतीतली खोली लहान, फरशी गुळगुळीत, कधी लिफ्ट बंद. रबरी चटया आणि वरच्या मजल्यावरच्या हस्तकाला श्वान असेपर्यंत तळमजल्याचे प्राधान्य, एवढ्याने बरेच सुटते. खासगी सोसायटीत विरोध झाला तर भारतीय जीवजंतु कल्याण मंडळाचे २०१५ चे परिपत्रक आहे. पाळीव प्राण्यांवर किंवा त्यांच्या लिफ्टच्या वापरावर सोसायटीला सरसकट बंदी घालता येत नाही. महापालिकांनी परवाना शुल्क माफ करावे, रक्कम नगण्य आहे. इच्छामरणाचा निर्णय दोन पशुवैद्यकांच्या लेखी मताशिवाय होऊ नये, आणि खर्चाची मर्यादा संपली हे त्याचे कारण कधीही नसावे.

लेखाशीर्ष गृह विभागाचेच का, हे नवी मुंबईच्या उदाहरणावरून कळते. या आयुक्तालयाची हद्द ठाणे आणि रायगड अशा दोन जिल्ह्यांत आहे. वाशी-बेलापूर ठाण्यात, कळंबोली-पनवेल-उरण रायगडात. जिल्हा नियोजन समितीवर विसंबलो तर ऐरोलीत राहणाऱ्या हस्तकाच्या आणि कळंबोलीच्या केनलमधल्या श्वानाचा खर्च कोणत्या जिल्ह्याने द्यायचा, यावर पत्रव्यवहार सुरू होईल. हस्तकाची बदली किंवा निवृत्ती झाली, तो गावी गेला, तरी तोच घोळ. राज्याच्या लेखाशीर्षातून पैसा चिपच्या क्रमांकाला जोडलेला असेल तर श्वान साताऱ्यात गेला तरी औषध थांबणार नाही. नियोजन समितीकडून एकदाच लागणारी सामग्री घ्यावी.

पुढच्या वर्षाचे अंदाज विभागांकडून हिवाळ्याच्या आधी मागवले जातात. दोन्ही आयुक्तालयांनी तोवर आपल्या प्रत्येक श्वानाचे वय, जात, ताजी वैद्यकीय स्थिती आणि पुढच्या तीन वर्षांतली निवृत्तीची अपेक्षित तारीख यांचा तक्ता करून, लाखभर रुपये दर श्वानामागे धरून प्रस्ताव पाठवावा. आधीच दत्तक गेलेले आणि आज हयात असलेले श्वानही त्याच तक्त्यात घ्यावेत. त्यांच्या घरचा खर्च तर आजच चालू आहे.